यादी द्यावी की बोट दाखवावं?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं मी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. तिन्ही वेगवेगळ्या गावांहून आलेली, पण विषय एकच.

पहिल्या भगिनी लिहितात, “घरचा कॉम्प्युटर जुना झाला. भाचा म्हणतो, मावशी, यात लिनक्स घालून देतो, चांगला चालेल. पण त्यात म्हणे काळ्या पडद्यावर इंग्रजीत हुकूम लिहावे लागतात. मला जमेल का?” दुसऱ्या एका कचेरीत नोकरी करतात. त्या विचारतात, “आमच्याकडची तरुण मुलं माउसला हातही लावत नाहीत. कीबोर्डवर खटाखट काहीतरी लिहितात आणि काम झालेलं असतं. मी आपली चित्रं शोधत बसते. माझी रीत अडाणीपणाची आहे का?” तिसऱ्या पत्रात काळजी जास्त आहे. “इंटरनेटवर एक पान उघडलं तर त्यावर लिहून आलं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी पुढील कळा दाबा. मला काही कळेना म्हणून मी कॉम्प्युटरच बंद केला. दाबायला हव्या होत्या का?”

तिसऱ्या भगिनींना आधीच सांगून टाकते: नाही दाबल्यात ते फार छान केलंत. का, ते पुढे येईलच. पण या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कॉम्प्युटरला काम सांगायच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतली एक आपली नि दुसरी ‘हुशार लोकांची’, असं आपण मनाशी धरून बसलो आहोत. तेव्हा आज जरा या दोन रीतींची नीट ओळख करून घेऊ.

किराण्याची यादी आणि मॉलमधली ट्रॉली

आपल्या आईच्या वेळी महिन्याचा किराणा कसा भरत, आठवतं ना? वहीच्या कागदावर यादी करायची. तूरडाळ तीन किलो, गूळ एक किलो, शेंगदाणे दीड किलो. यादी वाण्याकडे दिली की संध्याकाळी सामान घरपोच. आता आपण मॉलमध्ये जातो. ट्रॉली ढकलत फिरायचं, समोर मांडलेलं बघायचं, हवं ते उचलायचं.

यादीत वस्तूचं नाव ठाऊक असावं लागतं. नुसतं ‘डाळ’ लिहून भागत नाही. कुठली डाळ, किती, हे नेमकं लिहावं लागतं. मॉलमध्ये नाव आठवलं नाही तरी चालतं, डोळ्यांसमोर दिसतं. उलट, हळदीकुंकवासाठी एकाच वस्तूचे चाळीस नग हवे असले तर ट्रॉलीत एकेक टाकताना हात दुखून येतात. यादीत मात्र ‘चाळीस’ एवढा एकच शब्द लिहायचा. आणि मागच्या महिन्याची यादी जपून ठेवली असली, तर या महिन्यात तीच पुन्हा पाठवता येते.

कॉम्प्युटरचंही अगदी असंच आहे, बरं का. चित्रांवर, म्हणजे आयकॉनवर, माउसचा बाण नेऊन टिचकी मारायची ही झाली ट्रॉली. काळ्या खिडकीत शब्द लिहून एंटर दाबायचं, ज्याला कमांड लाइन म्हणतात, ती झाली यादी. दुकान तेच, माल तोच.

आधी शब्द, मग चित्रं

चित्रांची सवय आपल्याला इतकी झाली आहे की पहिल्यापासून तसंच असेल असं वाटतं. पण घरोघरी पोचण्याच्या बाबतीत शब्दच आधी आले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्यात मायक्रोसॉफ्टची डॉस नावाची व्यवस्था होती. कॉम्प्युटर सुरू केला की काळा पडदा, त्यावर एक-दोन अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. पुढे काय लिहायचं ते ज्याचं त्याने पाठ केलेलं असायचं. फाईलचं नावसुद्धा आठ अक्षरांत बसवावं लागे. ‘सत्यनारायण’ इंग्रजीत लिहायचा तर निम्म्यावरच तोडावा लागणार!

चित्रांची कल्पना त्याच्याही आधीची आहे, पण ती प्रयोगशाळांत अडकलेली होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या सभेत माउस चालवून दाखवला. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. खिडक्या आणि माउस घेऊन काम करायची आजची रीत मुख्यतः त्या केंद्रात रुजली. तिथल्या एक प्रमुख संशोधक होत्या ॲडेल गोल्डबर्ग. १९७९ साली अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी हे काम बघायला आले, तेव्हा गोल्डबर्ग बाईंनी ते दाखवायला स्पष्ट विरोध केला. आपण घरातलं सोनं दुसऱ्याच्या हाती देत आहोत हे त्यांना दिसत होतं. पण वरून हुकूम आला आणि दाखवावं लागलं.

पुढे जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिन्टॉश बाजारात आला. त्यावरची चित्रं कुणी काढली माहीत आहे? सुझन केअर या चित्रकार बाईंनी. त्या चौकटीचौकटींच्या कागदावर एकेक घर भरून चित्र बसवत. बत्तीस घरं आडवी, बत्तीस उभी. आपण दोसुतीवर क्रॉस-स्टिचचं भरतकाम करतो ना, तसंच ते काम. हसरा कॉम्प्युटर, रंगाची बादली अशी चित्रं त्यांच्या हातून उतरली. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, त्यातले पत्तेही त्यांनीच काढलेले. पत्ता उचलून दुसरीकडे ठेवता ठेवता लाखो लोकांचा हात माउसवर बसला. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि मग चित्रांची रीत घराघरात, दुकानादुकानात पोचली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की चित्रं ही अडाण्यांसाठी केलेली सोय नव्हे. फार हुशार माणसांनी वर्षानुवर्षं डोकं लढवून ती आणली. तेव्हा कचेरीतल्या आमच्या भगिनींनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

चित्रांचं खरं मोल

चित्रांनी आपल्यासाठी काय केलं, ते जरा हिशेब मांडून बघू.

पहिलं म्हणजे पाठांतर वाचवलं. एखाद्या पाहुण्यांचं नाव ऐनवेळी आठवत नाही, पण दारात उभे राहिले की चेहरा लगेच ओळखतो. आठवणं अवघड, ओळखणं सोपं. चित्रांची रीत ओळखण्यावर चालते, शब्दांची आठवण्यावर.

दुसरं म्हणजे इंग्रजीची अडचण कमी झाली. कमांड इंग्रजी अक्षरांतच असते आणि एक अक्षर चुकलं तरी काम होत नाही. चित्राला भाषा लागत नाही. शिवाय विंडोजमध्ये काय किंवा लिनक्समध्ये काय, मेन्यू मराठीत लावून घेता येतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, म्हणजे हातचं गेलेलं परत मिळण्याची सोय. चित्रांच्या रीतीने फाईल काढून टाकली की ती आधी कचरापेटीत, म्हणजे रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. तिथून परत काढता येते. काळ्या खिडकीत डी-ई-एल लिहून काढलेली फाईल मात्र त्या पेटीत जात नाही. थेट गेलीच म्हणून समजा. (जाता जाता एक सांगते. पेनड्राइव्हवरची फाईल माउसने काढली तरी ती सहसा कचरापेटीत जात नाही. तिथे जपून.)

पण चित्रांची किंमतही मोजावी लागते. कामं पुष्कळदा एकेक करावी लागतात. आणि दुसरी गोष्ट, दुकानदार दर थोड्या वर्षांनी मांडणी बदलतो! विंडोज ११ आलं २०२१ मध्ये, आणि वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण मधोमध येऊन बसलं. सासूबाईंनी डबे जिथे ठेवले तिथून नव्या सुनेने हलवले की कसं होतं, तसंच. हात तिकडे जातो आणि डबा सापडत नाही.

शब्दांचं खरं मोल

शब्दांची रीत या बाबतीत भलती निष्ठावान. १९८१ साली डॉसमध्ये डी-आय-आर ही तीन अक्षरं लिहिली की फाईलींची यादी समोर येत असे. आज विंडोजच्या काळ्या खिडकीत तीच तीन अक्षरं लिहा, यादी समोर येते. चाळीस वर्षं उलटून गेली, पण तो डबा अजून तिथेच आहे.

म्हणूनच तर तुम्ही कुणाला मदत विचारली की जाणकार लोक पुष्कळदा कमांडच सांगतात. ‘वर उजवीकडे जा, मग तीन टिंबांवर टिचकी मार, मग खालून चौथं बघ’ असं लिहून देण्यापेक्षा एक ओळ लिहून देणं सोपं असतं, आणि ती सगळीकडे सारखी चालते. मुलं शेखी मिरवतात असं दरवेळी नसतं हो!

आता घरातल्या उपयोगाची दोन उदाहरणं देते. कॉम्प्युटरवर विंडोज असेल तर करून बघा.

पहिलं उदाहरण. रात्री आजींना भजनं ऐकत झोपायची सवय आहे आणि कॉम्प्युटर रात्रभर चालू राहतो. तासाभराने तो आपला आपण बंद व्हावा अशी सोय चित्रांत चटकन सापडत नाही. शब्दांत आहे. कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबा, सी-एम-डी ही तीन अक्षरं लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत लिहा: शटडाऊन (सलग एक शब्द), मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून एस, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि टी, मोकळी जागा, ३६००. आकडेही इंग्रजीच हवेत. एंटर दाबलं की झालं. ३६०० म्हणजे सेकंद, एक तास. विचार बदलला तर शटडाऊन, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ए असं लिहा, हुकूम रद्द. एक मात्र सांभाळा. वेळ झाली की कॉम्प्युटर कुणाला विचारत बसत नाही. उघडी कामं आधी जपून ठेवा, म्हणजे सेव्ह करा.

दुसरं उदाहरण. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. स्नेहसंमेलन झालं की दोनशे-अडीचशे फोटो येतात आणि सगळ्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेली, अगम्य. त्यांना नवी नावं द्यायला काळी खिडकी लागत नाही, बरं का. फोल्डर उघडून कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडायचे, एफ-२ दाबायचं, एकदाच नाव लिहायचं आणि एंटर. सगळ्यांना तेच नाव आणि पुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे मिळतात. फसलं तर कंट्रोल आणि झेड. पण त्याच फोल्डरमधल्या फाईलींच्या नावांची यादी मुख्याध्यापिकाबाईंना कागदावर हवी असली तर? चित्रांतून नुसत्या नावांची यादी सरळ निघत नाही. इथे शब्द उपयोगी पडतात. फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीवर टिचकी मारा, तिथे सी-एम-डी लिहून एंटर दाबा. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडेल. लिहा: डी-आय-आर, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि बी, मोकळी जागा, गणितातली ‘पेक्षा मोठे’ची खूण, मोकळी जागा, आणि मग यादी डॉट टी-एक्स-टी, सगळं इंग्रजी अक्षरांत. एंटर दाबताच फोल्डरमध्ये यादी नावाची नवी फाईल तयार. ती उघडून छापून घ्या. फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत असली तर ही युक्ती उत्तम चालते. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येण्याचा संभव असतो.

या दोन उदाहरणांवरून काय ध्यानात येतं? एखादी वस्तू बघून निवडायची असेल, फोटो लावायचा असेल, पत्रिकेची मांडणी करायची असेल, तर चित्रांची रीत बरी. एकच काम पुष्कळ वस्तूंवर करायचं असेल, किंवा तेच काम दर महिन्याला करायचं असेल, तर शब्द बरे. भाजी निवडायला हात लागतात आणि पीठ मळायलाही हातच लागतात, पण दोन्ही कामांत हात सारखा चालत नाही.

कमांड तुम्ही दिलेली आहेच

“पण आम्हाला कुठं येतंय ते!” असं म्हणू नका. मोबाईलवर *#०६# कधी दाबलं आहे का? दाबताच पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक येतो. तो तुमच्या फोनचा आयएमईआय. फोन हरवला तर संचार साथीच्या सोयीतून तो बंद करण्यासाठी हा क्रमांक लागतो, म्हणून आजच वहीत टिपून ठेवा. तर मैत्रिणींनो, तुम्ही आत्ता केलीत ती कमांडच. चित्र नाही, बटण नाही. ठरावीक खुणा लिहिल्या आणि यंत्राने ऐकलं.

आणि इथेच मला आजच्या लेखातली महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. जरा सावकाश वाचा.

चित्रावर टिचकी मारली की बहुधा यंत्र विचारतं, ‘खरंच काढून टाकू का?’ शब्दांच्या रीतीत ते पुष्कळदा विचारत नाही. तुम्ही म्हणालात, झालं. म्हणून अर्थ न कळता दिलेला हुकूम म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सही. हे भामट्यांना पक्कं ठाऊक आहे.

फोनवर गोड आवाजात सांगतात, ‘ताई, तुमचं पार्सल अडलंय, एवढा नंबर फक्त दाबा.’ तो नंबर स्टारने सुरू होतो, मध्ये दोन-तीन आकडे आणि पुढे कुणाचा तरी दहा आकडी मोबाईल नंबर. तो दाबला की तुमच्याकडे येणारे फोन त्या माणसाकडे वळतात. बँकेने खात्रीसाठी केलेला फोनसुद्धा. हे प्रकार इतके वाढले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी फोन वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरी सावध असलेलं बरं. शंका आली तर ##००२# दाबा. वळवलेले सगळे फोन पुन्हा आपल्याकडे यावेत यासाठी असलेला हा हुकूम आहे.

आता आमच्या तिसऱ्या भगिनींचं पत्र. त्यांना आलेलं पान हा याच कुळातला कॉम्प्युटरवरचा प्रकार. २०२४ पासून तो जगभर पसरला आहे. पानावर लिहिलेलं असतं, ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर.’ दिसायला किती साधं! पण होतं असं की ते पान गुपचूप एक कमांड तुमच्या कॉम्प्युटरच्या ओंजळीत टाकून ठेवतं. विंडोज आणि आर दाबलं की हुकूम लिहायची चौकट उघडते, कंट्रोल आणि व्ही दाबलं की ती लपवलेली कमांड त्यात पडते, आणि एंटर दाबणारा हात तुमचाच असतो. मग पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत शिरतो. चोराने कुलूप फोडलं नाही, तुमच्याच हाताने दार उघडून घेतलं.

खरंखुरं कुठलंही पान माणूस ओळखण्यासाठी तुम्हाला विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही. चित्रं ओळखायला लावील, चौकटीत खूण करायला लावील, बस्स. कळा दाबायला सांगितल्या की पान बंद करा. कुणाकडून असं होऊन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. लाजून गप्प बसू नका. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते.

म्हणूनच मी म्हणते की शब्दांच्या रीतीची तोंडओळख प्रत्येकीला हवी. रोज वापरायची म्हणून नव्हे. काळ्या खिडकीत लिहिलेला शब्द म्हणजे हुकूम असतो, एवढं ज्या बाईला कळलं, ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्या घरात हुकूम सोडणार नाही.

भाच्याला काय सांगावं?

आता पहिल्या भगिनींकडे येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुष्कळ जुने कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालत नाहीत. त्यामुळे बऱ्याच घरांत हाच प्रश्न आहे, आणि भाच्याची सूचना वाईट नाही.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो काळ काळ्या पडद्याचाच होता, म्हणून लिनक्स म्हणजे कमांड अशी समजूत बसली. आजचं लिनक्स तसं राहिलेलं नाही. उबुंटू २००४ साली आलं, मिंट २००६ साली. दोन्हींत खिडक्या आहेत, चित्रं आहेत, माउस आहे. आपल्याकडे सी-डॅकने बॉस नावाचं भारतीय लिनक्सही तयार केलं आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकत आली आहेत. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन? त्याचाही गाभा लिनक्सचाच. भाजी निवडता निवडता तुम्ही त्यावर व्हिडिओ बघताच की!

भाच्याला मात्र चार गोष्टी सांगा. एक, आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून दाखव. तसं करता येतं आणि आतलं विंडोज जागचं हलत नाही. दोन, माझे फोटो आणि कागदपत्रं आधी वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेव. तीन, मी रोज जी कामं करते ती माझ्यासमोर करून बघ: मराठी टायपिंग, प्रिंटर, बँकेचं पान. घरच्या धंद्याचा हिशेब टॅलीवर असेल तर घाई नको, कारण टॅली विंडोजसाठी लिहिलेलं आहे; जुन्या मराठी फाँटचंही तसंच. आणि चार, कधी काळ्या खिडकीत काही लिहावं लागलंच तर ते माझ्या वहीत, अर्थासकट लिहून दे. नुसती ओळ नको.

हा चौथा मुद्दा सोडू नका. घरातल्या बाईला कॉम्प्युटर ‘लावून’ देणारे पुष्कळ असतात, समजावून देणारे थोडे. भाचा परगावी शिकायला गेला की मग प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी दुकानदाराला बोलवावं लागतं आणि दरवेळी पैसे मोजावे लागतात. अर्थासकट लिहिलेली वही असली की तेच काम आपण करू शकतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरात किंवा शेजारी कुणी दृष्टिहीन असेल, तर त्यांना ‘हे चित्र बघ, तिथे टिचकी मार’ म्हणून काय उपयोग? चित्रांची रीत आली तेव्हा अंध व्यक्तींची मोठी अडचण झाली होती, कारण बोलणाऱ्या यंत्राला शब्द वाचता येत होते, चित्रं येत नव्हती. पुढे पडदा वाचून दाखवणारे चांगले प्रोग्राम आले. त्यांतला एनव्हीडीए हा २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला प्रोग्राम मोफत मिळतो. तो चालतो मुख्यतः कीबोर्डवर. म्हणजे कुणाला कुठली रीत सोयीची, हे त्या माणसावर आणि कामावर ठरतं, हुशारीवर नाही.

पुन्हा शब्दांचे दिवस

आणि गंमत बघा. चित्रांचं राज्य कायमचं असं वाटत असतानाच २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि लोक पुन्हा चौकटीत वाक्यं लिहू लागले. आता मराठीतही लिहिता येतं. ही यादी थोडी वेगळी. जुना वाणी एका शब्दाचा एकच अर्थ घेई. हा नवा वाणी अंदाज बांधतो, कधी बरोबर, कधी भलताच. पण काम नेमक्या शब्दांत सांगता येणं ही कला दोन्हीकडे लागते, आणि घर चालवणारीला ती नवी नाही. या नव्या वाण्याने एखादी कमांड लिहून दिली तरी नियम तोच: आधी अर्थ विचारायचा, तो दुसरीकडे पडताळायचा, मगच एंटर.

या आठवड्यात एवढं करा

१. स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीत मागचं एक पान कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा. त्यावर फोनचा आयएमईआय लिहा आणि खाली १९३०.

२. कंट्रोलबरोबर सी म्हणजे नक्कल घ्या, व्ही म्हणजे ती इथे ठेवा, झेड म्हणजे झालेलं फिरवा. ही तीन अक्षरं पाठ करा. माउस आणि कीबोर्ड यांच्यामधला हा सोपा पूल आहे.

३. एखाद्या दुपारी काळी खिडकी उघडा, डी-आय-आर लिहून यादी बघा आणि ई-एक्स-आय-टी लिहून बाहेर या. एवढ्याने काही बिघडत नाही, आणि भीती मात्र जाते.

४. घरातल्या ज्येष्ठांना आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगा: फोनवर किंवा पडद्यावर कुणी ‘एवढं दाबा’ म्हटलं, तर आधी ‘म्हणजे काय होईल?’ असं विचारायचं. उत्तर कळलं नाही तर दाबायचं नाही.

तुमच्या वहीत उपयोगाची एखादी कमांड किंवा माउसची युक्ती असली तर अर्थासकट जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकी फोनमधले फोटो घरच्या घरी कसे जपून ठेवावेत ते पाहू.